सागरी बर्फाचे आकाशातून निरीक्षण (१९१४ ते २०२५) : नोंदींच्या सातत्याचा इतिहास

प्रस्तावना :

पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांलगतच्या समुद्रांचे पाणी हिवाळ्यात गोठते आणि उन्हाळ्यात त्यातील बराच भाग पुन्हा वितळतो. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे ते शून्य अंशाला न गोठता सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअस तापमानाला गोठते. अशा रीतीने समुद्राच्या पाण्यापासूनच तयार होणाऱ्या बर्फास सागरी बर्फ असे म्हणतात. जमिनीवरील हिमनदीचा तुकडा तुटून समुद्रात तरंगत येतो तो हिमनग होय. सागरी बर्फ त्याहून वेगळा असतो. हा बर्फ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत आकाशाकडे पाठवितो, तर त्याच्या जागी उघडे पडणारे काळेभोर पाणी तोच प्रकाश शोषून घेते. त्यामुळे सागरी बर्फाच्या विस्तारात होणारा बदल हा पृथ्वीच्या हवामानाच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

सागरी बर्फाविषयीच्या विधानांना बहुधा एक मर्यादा जोडलेली असते : 'उपग्रहीय नोंदी सुरू झाल्यापासून'. ही नोंद साधारणतः १९७९ पासून मोजली जाते. परंतु हे वर्ष निसर्गाने ठरविलेले नाही. त्यापूर्वीही बर्फ होता, त्याच्यावरून विमाने उडत होती, आणि उपग्रहांनी त्याची छायाचित्रेही घेतली होती. मग मोजणी १९७९ पासूनच का करावयाची? त्याआधीच्या नोंदींचे मोल काय? आणि त्यानंतरची नोंद जितकी अखंड दिसते तितकी ती खरोखर अखंड आहे काय? या तीन प्रश्नांचा ऊहापोह प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे. या इतिहासाकडे उपकरणांच्या प्रगतीची कथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तथापि तो मुख्यतः नोंदींच्या सातत्याचा इतिहास आहे, आणि हे सातत्य बहुतेक वेळा इतर हेतूंनी चाललेल्या कामांतून उपजले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

विमानाचे आगमन :

विमान येण्यापूर्वी सागरी बर्फाची माहिती जहाजांकडून मिळत असे. व्हेल व सील यांची शिकार करणारी जहाजे, मालवाहू नौका आणि किनाऱ्यावरील वस्त्या यांच्या नोंदी एकत्र करून डेन्मार्कच्या हवामान संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आर्क्टिक बर्फाचे नकाशे प्रसिद्ध केले. या नोंदींची मर्यादा उघड आहे. जहाज बर्फाच्या कडेपर्यंत जाते. त्यापलीकडे काय आहे, हे जहाजाच्या डोलकाठीवरून दिसत नाही. शिवाय हिवाळ्यात जहाजे तेथे नसत, त्यामुळे वर्षाचा मोठा भाग नोंदीविना राही.

ऑगस्ट १९१४ मध्ये रशियन नौदलाचा वैमानिक यान नागुर्स्की याने नोवाया झेमल्या या बेटांजवळ फार्मान बनावटीच्या समुद्रविमानातून अनेक उड्डाणे केली. आर्क्टिक प्रदेशात विमान उडण्याचा हा पहिला प्रसंग होय. बर्फाचा अभ्यास हा या उड्डाणांचा हेतू नव्हता. गिओर्गी सेदोव्ह आणि इतर बेपत्ता संशोधक तुकड्यांचा शोध घेण्यासाठी तो पाठविला गेला होता. १९२४ मध्ये बोरिस चुख्नोव्स्की याने बॅरंट्स व कारा या समुद्रांवरून बर्फाची टेहळणी केली, आणि पुढे ही टेहळणी सायबेरियाच्या उत्तरेकडील जलवाहतुकीचा नियमित भाग बनली. मे १९२६ मध्ये आमुंडसेन, एल्सवर्थ व नोबिले यांचे 'नोर्गे' हे वायुयान स्वालबार्डहून निघून उत्तर ध्रुवावरून अलास्कात उतरले. जुलै १९३१ मध्ये 'ग्राफ झेपेलिन' या वायुयानाने रुडॉल्फ सामोयलोविच यांच्या शास्त्रीय नेतृत्वाखाली आर्क्टिकची सफर करून हवाई छायाचित्रण केले. या मोहिमांना कीर्ती लाभली. तथापि एका सफरीतून मिळते ते एका दिवसाचे चित्र. पुढील वर्षी त्याच जागी काय होते, हे समजल्याशिवाय त्या चित्रावरून बदलाचे अनुमान काढता येत नाही.

सोव्हिएत टेहळणी आणि उत्तरेचा सागरी मार्ग :

नियमित नोंदीची गरज प्रथम सोव्हिएत संघास भासली. १९३२ मध्ये 'सिबिर्याकोव्ह' या बर्फफोड्या जहाजाने ओट्टो श्मिट यांच्या नेतृत्वाखाली उत्तरेचा सागरी मार्ग एकाच मोसमात पार केला. त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस या मार्गासाठी स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले. पुढील वर्षी त्याच मार्गाने निघालेले 'चेल्युस्किन' हे जहाज बर्फात अडकले, आणि १३ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्फाच्या दाबाने चिरडून बुडाले. बर्फावर उतरलेल्या १०४ जणांची, ज्यांत स्त्रिया व दोन बालिका होत्या, एप्रिलपर्यंत विमानांनी सुटका केली. आर्क्टिकमध्ये विमानावाचून जहाजाचा निभाव लागणे कठीण आहे, हा या दुर्घटनेचा धडा होता.

या काळापासून टेहळणी-विमानांतील निरीक्षक खिडकीशी बसून, पृष्ठभागाच्या दहा भागांपैकी किती भाग बर्फाने व्यापला आहे, बर्फ नवा की जुना, त्यात भेगा कोठे आहेत, हे नकाशावर हाताने नोंदवू लागले. लेनिनग्राड येथील आर्क्टिक व अंटार्क्टिक संशोधन संस्थेत हे नकाशे जतन केले गेले. रशियन आर्क्टिकचे १९३३ पासूनचे असे नकाशे आता संगणकीय स्वरूपात उपलब्ध आहेत. उपग्रहपूर्व काळासाठी ते अस्सल साधन होय. मात्र त्यांची चिकित्सा केल्याशिवाय ते वापरता येत नाहीत. विमाने जेथे जहाजे जात तेथेच उडत, आणि जहाजे उन्हाळ्यात जात. त्यामुळे नोंद मार्गालगत दाट आणि इतरत्र विरळ आहे. निरीक्षकाच्या डोळ्याचा अंदाज हेच तेथे मापक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनेही आर्क्टिकवरून नियमित उड्डाणे सुरू केली. त्यांमागे शीतयुद्धातील संरक्षणाचा विचार होता. अलास्काहून निघणाऱ्या उड्डाणांतील रडारवर १९४६ मध्ये एक प्रचंड तरंगते हिमबेट दिसले. पुढे सापडलेल्या अशाच एका बेटावर मार्च १९५२ मध्ये जोसेफ फ्लेचर यांच्या तुकडीने विमान उतरवून संशोधनतळ उभारला. अशा रीतीने दोन परस्परविरोधी राष्ट्रे एकाच महासागराच्या दोन बाजूंनी त्याच बर्फाची नोंद करीत होती, परंतु या नोंदी एकमेकींशी जुळविण्याची सोय शीतयुद्ध संपेपर्यंत नव्हती.

ढग आणि अंधार :

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने 'टायरॉस-१' हा पहिला हवामान उपग्रह सोडला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ४८ अंशांनी कललेली असल्यामुळे ध्रुवप्रदेश त्याच्या दृष्टिक्षेपात येत नव्हते. २८ ऑगस्ट १९६४ रोजी सोडलेला 'निम्बस-१' मात्र ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत फिरत होता. तो जेमतेम महिनाभर चालला. त्याची छायाचित्रे हवामानाच्या तातडीच्या उपयोगासाठी होती. तो उपयोग संपताच चित्रपटलांची रिळे अभिलेखागारात पडून राहिली.

सुमारे अर्धशतकानंतर अमेरिकन संशोधकांनी ती रिळे बाहेर काढून संगणकीय स्वरूपात आणली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सप्टेंबर १९६४ मध्ये आर्क्टिक सागरी बर्फाचा विस्तार सुमारे ६९ लाख चौरस किलोमीटर, तर अंटार्क्टिक बर्फाचा सुमारे १ कोटी ९७ लाख चौरस किलोमीटर होता. आर्क्टिकचा हा आकडा १९८० व १९९० च्या दशकांतील सप्टेंबरच्या विस्ताराशी मिळताजुळता आहे. टाकाऊ समजला गेलेला कागद पुढील पिढीच्या हाती महत्त्वाचे साधन ठरावा, हा इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित असलेला अनुभव येथेही आला.

तरीही या छायाचित्रांवर सलग नोंद उभी राहू शकली नसती. छायाचित्रास प्रकाश लागतो आणि ध्रुवावर सहा महिने सूर्य नसतो. अवरक्त किरणांनी अंधारात पाहता येते, परंतु ढगांतून नाही, आणि उन्हाळ्यात आर्क्टिक महासागर बहुतांशी ढगांनी झाकलेला असतो.

सूक्ष्मतरंगांचा उपयोग :

ही अडचण सूक्ष्मतरंगांनी, म्हणजेच मायक्रोवेव्हनी दूर केली. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार सूक्ष्मतरंगांचे क्षीण उत्सर्जन करीत असतो. ठरावीक तरंगलांबीला बर्फ हे उत्सर्जन चांगल्या प्रकारे करतो, तर समुद्राचे पाणी कमी प्रमाणात करते. त्यामुळे प्रत्यक्षात बर्फ पाण्यापेक्षा थंड असूनही सूक्ष्मतरंग-मापकास तो अधिक तेजस्वी दिसतो. हे उत्सर्जन दिवसरात्र चालू असते आणि ढगांमधून बऱ्याच अंशी आरपार येते. बाहेरून प्रकाश टाकावा लागत नसल्यामुळे या पद्धतीस निष्क्रिय संवेदन असे म्हटले जाते.

हे तत्त्व उपग्रहावर नेण्यापूर्वी विमानात पारखले गेले. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे 'गॅलिलिओ' नावाचे कॉन्व्हेअर-९९० विमान त्यासाठी आर्क्टिकवर उडविण्यात आले. नवा बर्फ आणि अनेक वर्षे टिकलेला जुना बर्फ यांचे उत्सर्जन भिन्न असते, हे अशा उड्डाणांतून स्पष्ट झाले. फेब्रुवारी-मार्च १९७३ मध्ये बेरिंग समुद्रावर अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी संयुक्त प्रयोग केला. त्यात हे विमान आणि सोव्हिएत इल्युशिन-१८ विमान सहभागी झाले होते. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही देशांच्या संशोधकांनी एकाच बर्फावर आपापली उपकरणे पडताळून पाहिली, ही बाब उल्लेखनीय आहे. त्यानंतर महिनाभरातच, १२ एप्रिल १९७३ रोजी, कॅलिफोर्नियात 'गॅलिलिओ' विमानाची नौदलाच्या विमानाशी हवेत टक्कर होऊन त्यातील अकराही जण मृत्युमुखी पडले. उपग्रहीय आलेखांतील एकेका बिंदूमागे अशा उड्डाणांचे श्रम व जोखीम आहे, याचे विस्मरण होऊ नये.

डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या 'निम्बस-५' वरील सूक्ष्मतरंग-मापकाने प्रथमच दोन्ही ध्रुवांवरील बर्फाचे चित्र सर्व ऋतूंत दिले. १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत अंटार्क्टिकाजवळील वेडेल समुद्रात, चहूबाजूंनी बर्फ असताना मध्येच सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरचे मोकळे पाणी त्याच्या चित्रांत दिसले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे चार-पंचमांश एवढे हे पाणी ऐन हिवाळ्यात उघडे राहिले होते. जहाज अथवा विमान तेथे त्या ऋतूत सहजी पोहोचले नसते. मात्र हे उपकरण एकाच वारंवारितेवर काम करीत असल्यामुळे पाण्याचे, बर्फाचे आणि हवामानाचे परिणाम वेगळे करणे अवघड जात असे, आणि त्याच्या नोंदीत खंडही पडले.

१९७८ नंतरची नोंद : सांधे आणि शिवण :

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी सोडलेल्या 'निम्बस-७' वरील मापक पाच वारंवारितांवर काम करीत होता. त्याच्या नोंदी जेथून सुरू होतात तेथूनच आजची सलग नोंद मोजली जाते, आणि १९७९ हे तिचे पहिले पूर्ण वर्ष ठरते. विजेच्या मर्यादेमुळे हा मापक एक दिवसाआड चालविला जाई. १९८७ च्या उन्हाळ्यात त्याची जागा अमेरिकी संरक्षण विभागाच्या हवामान उपग्रहांवरील मापकाने घेतली. सैन्यास ढग, पाऊस व वारा यांची माहिती हवी होती, आणि तिच्याबरोबर बर्फाची नोंद आपोआप मिळत गेली. जवळजवळ चार दशके ध्रुवीय हवामानशास्त्राचा हा पाया लष्करी कार्यक्रमावर उभा होता.

या दोन मापकांनी एकत्र काम केले ते ९ जुलै ते २० ऑगस्ट १९८७ एवढेच, म्हणजे सुमारे सहा आठवडे. जुने व नवे उपकरण एकाच बर्फाकडे पाहत असतानाच त्यांच्या आकड्यांतील फरक समजू शकतो. ही संधी न मिळती, तर पुढील नोंद मागील नोंदीशी खात्रीने जोडता आली नसती. डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळात नव्या मापकाच्या नोंदीतही सुमारे सहा आठवड्यांचा खंड पडला. अशा सांध्यांमुळे प्रश्न उद्भवतात. अंटार्क्टिक बर्फाच्या वाढीचा जो दर एका पद्धतीने काढला जात होता, त्यातील काही भाग डिसेंबर १९९१ मधील उपकरण-बदलाच्या जोडणीतून आला असावा, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. याचा अर्थ नोंद निरुपयोगी आहे असा होत नाही. दोन वेगळ्या हातांनी लिहिलेली बखर वाचताना अभ्यासक जी सावधगिरी बाळगतो, तीच येथे बाळगावी लागते, एवढाच त्याचा अर्थ होय.

या पद्धतीच्या अन्य मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. तिचे एकेक चौकट साधारणतः पंचवीस किलोमीटर बाजूचे असते, आणि त्यात किमान १५ टक्के बर्फ असल्यास ते बर्फव्याप्त मानले जाते. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली वितळत्या पाण्याची तळी मापकास समुद्रच भासतात. सूक्ष्म तपशिलासाठी स्वतः तरंग सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे रडार लागते. १९८३ च्या शरद ऋतूत सायबेरियाच्या पूर्वेकडे अनेक मालवाहू जहाजे बर्फात अडकली आणि त्यांपैकी 'नीना सागायदाक' हे जहाज बुडाले. तेव्हा नुकत्याच सोडलेल्या 'कॉसमॉस-१५००' या उपग्रहाच्या रडार-चित्रांवरून उर्वरित जहाजांना वाट काढता आली. 'चेल्युस्किन'च्या वेळी विमानाने केलेल्या कामाचा एक भाग या वेळी उपग्रहाने केला.

जाडीचा प्रश्न आणि विमानाचे पुनरागमन :

विस्तार समजला तरी बर्फ किती आहे, हे जाडीवाचून समजत नाही. जाडीची जुनी माहिती मुख्यतः बर्फाखालून जाणाऱ्या अणुपाणबुड्यांच्या नोंदींतून मिळाली. १९५८ ते १९७६ आणि १९९० चे दशक या दोन काळांतील पाणबुडी-नोंदींची तुलना करून उन्हाळ्याच्या अखेरच्या जाडीत सुमारे १.३ मीटरची घट झाल्याचे १९९९ मध्ये दाखविण्यात आले. उपग्रह पाण्यावर डोकावणाऱ्या बर्फाची उंची मोजतो, परंतु सुमारे नऊ-दशांश बर्फ पाण्याखाली असतो. त्यामुळे उंचीतील दहा सेंटिमीटरची चूक जाडीत जवळजवळ एक मीटरची होते.

नासाचा 'आइससॅट' हा लेसर-उपग्रह २००३ ते २००९ पर्यंत मोजमाप करीत होता आणि त्याचा उत्तराधिकारी सप्टेंबर २०१८ मध्ये कक्षेत गेला. मधला खंड भरून काढण्यासाठी नासाने २००९ ते २०१९ या काळात 'ऑपरेशन आइसब्रिज' ही विमान-मोहीम राबविली. युरोपीय अंतराळ संस्थेचा 'क्रायोसॅट' ऑक्टोबर २००५ मध्ये प्रक्षेपणातच नष्ट झाला, आणि त्याची प्रतिकृती एप्रिल २०१० मध्ये यशस्वीपणे सोडण्यात आली. उपग्रहांमुळे विमाने कालबाह्य झाली, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. दोन उपग्रहांमधील दरी बुजविण्याचे काम विमानानेच केले.

भारतीय सहभाग :

भारताचा या इतिहासाशी असलेला संबंध गोव्यापासून सुरू होतो. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये बर्फाळ समुद्र ओलांडून त्या खंडावर पोहोचली. अशा मोहिमांच्या जहाजांना सागरी बर्फाची माहिती ही प्रत्यक्ष गरज असते. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या 'ओशनसॅट-१' वर बहुवारंवारिता सूक्ष्मतरंग-मापक होता. तो प्रामुख्याने समुद्राच्या अभ्यासासाठी असला, तरी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदींवरून अंटार्क्टिक सागरी बर्फाचा नकाशासंग्रह तयार केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये सोडलेल्या 'सरल' या भारत-फ्रान्स उपग्रहाचा उंचीमापकही बर्फाच्या अभ्यासात उपयोगी पडला.

वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात, कारा समुद्रातील बर्फाची उन्हाळी घट आणि मोसमी पावसाच्या उत्तरार्धातील अतिवृष्टी यांत संभाव्य संबंध असल्याचे मांडले गेले. ज्या कारा समुद्रावर चुख्नोव्स्कीने जहाजांसाठी टेहळणी केली, त्याची नोंद सप्टेंबरमधील आपल्या पावसाच्या अभ्यासात उपयोगी पडावी, हे जतन केलेल्या नोंदीचे मोल दर्शविते.

सातत्यावरील संकट :

या दीर्घ नोंदीने काय दाखविले? सप्टेंबरमधील आर्क्टिक बर्फाचा विस्तार १९७९ पासून दर दशकास, १९८१ ते २०१० च्या सरासरीच्या तुलनेत, सुमारे १२ टक्क्यांनी घटत आला. १७ सप्टेंबर २०१२ रोजी तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर इतका खाली गेला. अंटार्क्टिकाची कथा वेगळी आहे. तेथील हिवाळी विस्तार सप्टेंबर २०१४ मध्ये दोन कोटी चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेला, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये उन्हाळी विस्तार सुमारे १७.९ लाखांपर्यंत घसरला. पाच-दहा वर्षांचीच नोंद असती, तर या चढउतारांवरून कोणतेही उलटसुलट अनुमान काढता आले असते.

परंतु नोंद पुरविणारे उपग्रह म्हातारे होत गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये एका मापकातील बिघाडामुळे आर्क्टिक बर्फाचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरने कमी दाखविला गेला आणि जुन्या उपग्रहाचा आधार घ्यावा लागला. फेब्रुवारी २०१६ मध्ये लष्करी मालिकेतील एकोणिसाव्या उपग्रहाशी संपर्क तुटला. दोन महिन्यांनी सतराव्याच्या मापकात दोष उत्पन्न झाला. विसावा उपग्रह तयार होता, परंतु निधी थांबल्याने तो न सोडताच मोडीत काढण्यात आला. जून २०२५ मध्ये उरलेल्या उपग्रहांच्या या नोंदींचे वितरण महिनाअखेरीस बंद होणार असल्याचे जाहीर झाले. मग मुदत जुलैअखेरपर्यंत वाढली, आणि अखेरीस वितरण तूर्त चालू ठेवण्याचा निर्णय झाला. दरम्यान अमेरिकेतील राष्ट्रीय हिम व बर्फ नोंद केंद्राने मे २०१२ मध्ये सोडलेल्या जपानी उपग्रहाच्या नोंदींकडे वळण्याचे काम हाती घेतले. त्याचा उत्तराधिकारी मापक जपानने जून २०२५ च्या अखेरीस कक्षेत पाठविला. १९८७ मध्ये सहा आठवड्यांच्या सहवासाने जे साधले, त्यासाठी या वेळी अनेक वर्षांची समांतर नोंद हाताशी होती. हे सुदैव होय, परंतु ते कोणी आखून ठेवलेले नव्हते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १९७९ ही सागरी बर्फाच्या इतिहासाची सुरुवात नसून एका विशिष्ट साधनाची सुरुवात आहे. त्यापूर्वीचे हाताने काढलेले नकाशे आणि विस्मृत चित्रपटले यांना योग्य चिकित्सेनंतर त्या इतिहासात स्थान दिले पाहिजे. दुसरी, विमान व उपग्रह ही एकामागून एक आलेली साधने असली तरी ती परस्परपूरक राहिली आहेत. विमानाने उपग्रहाची तत्त्वे पारखली आणि उपग्रह नसताना त्याची जागा चालविली. तिसरी, बेपत्ता माणसांचा शोध, जहाजांची सुरक्षितता, शत्रूवर नजर आणि सैन्यासाठी हवामान अशा भिन्न हेतूंनी हे निरीक्षण चालले. बर्फाची दीर्घकालीन नोंद व्हावी हा हेतू त्यांत अभावानेच होता. म्हणून मूळ हेतू संपताच नोंद संपण्याचा धोका प्रत्येक वेळी उभा राहिला.

ज्या वर्षी बर्फ मोजला गेला नाही, ते वर्ष पुन्हा मोजता येत नाही. नष्ट झालेले दफ्तर जसे पुन्हा लिहिता येत नाही, तसेच हे आहे. तेव्हा नव्या व अधिक सूक्ष्म उपकरणांइतकेच महत्त्व जुन्या उपकरणाशी त्यांचा सांधा जुळविण्यास आणि झालेली नोंद जपण्यास दिले पाहिजे, हाच या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.